तुझ्या छोट्या स्पीकरांना जोड

प्रिय ठकू,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तुझं जहाज कुठल्या बंदरात असेल, कोण जाणे. तुमच्या कंपनीच्या ऑफिसातली मुलगी म्हणाली, “काकू, इथे आणून द्या, पुढच्या मुक्कामी आम्ही पोचवतो.” तिच्या भरवशावर लिहायला बसले आहे. फोन असताना आईला ही पत्राची हौस कुठून आली, असं तू म्हणशील. पण तुझा फोन आला की मी असते बाबांच्या शेजारी, आणि बाबा असतात खुर्चीत. त्यांच्यादेखत बोलता येणार नाही असं थोडं काही आहे. ते सांगेनच. आधी तुला पोट धरून हसायला लावणारी बातमी देते. तुझी आई तुझ्यासारखी डीजे झाली आहे. हसून झालं? आता पाणी पी आणि पुढे वाच.

जुन्या चादरीत गुंडाळून तू कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून गेलेला तुझा तो गाणी मिसळायचा पहिला कंट्रोलर आता हॉलच्या टेबलावर असतो. माझा जुना लॅपटॉप त्याला जोडला आहे. तुझे दोन छोटे काळे स्पीकर पॅसेजच्या तोंडाशी दोन उंच स्टुलांवर बसवलेत, आणि त्यांच्या मध्ये खाली, फरशीवर, एक नवा पाहुणा आहे: आठ इंची सबवूफर. या स्पीकरांत खालचा आवाजच नाही, याला कधीतरी जोड घ्यायला हवी, असं तू जाताना म्हणाली होतीस बघ. ती जोड मी घेतली. आणि चांगली जमली आहे, असं मी नाही, स्पीकरच्या दुकानातली बाई म्हणते. पण ती जमेपर्यंत घरात जे रामायण झालं ते तुला पहिल्यापासून सांगायला हवं.

मागच्या सुट्टीत तू आली होतीस तेव्हा बाबा हळू चालत होते. तू विचारलंस, तर म्हणाले, “गुडघे गेले. आयुष्यभर उकिडवं बसून लोकांच्या फरश्या बसवल्या, आता गुडघे बिल मागतायत.” आपण तिघंही हसलो होतो. मलाही तेव्हा तेच वाटत होतं. तू गेल्यावर मात्र त्यांचा उजवा हात रिकामा असला की थरथरायला लागला. काही धरलं, काही काम केलं की थांबायचा, मांडीवर ठेवला की पुन्हा सुरू. मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली. ते समजावून सांगायला सुरुवात करत होते, पण मी गोळीचं नाव आधीच वाचलं होतं. ती गोळी मी औषधांच्या दुकानात काउंटरवरून इतकी वर्षं लोकांना देत आले आहे. ती न्यायला येणाऱ्या बायका, मुली, सुना माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांच्याशी मी किती सहज बोलायचे, “घ्या, या महिन्याची,” म्हणून. कंपवात आहे, ठकू. जीवाला धोका असा नाही, पण जाणाराही नाही. गोळ्यांनी बराच आधार मिळतो. तुला कळवायचं नाही, असं बाबांनी सांगितलं होतं. पोरगी पाण्यावर आहे, धावत येता यायचं नाही, नुसती तळमळत बसेल, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं होतं. आता पटत नाही.

लोकांचं लक्ष हाताकडे जातं, पण खरा घोळ पायांचा आहे. सरळ चालता चालता बाबा दारापाशी आले की पाय जमिनीला चिकटतात. कोणी गोंद लावल्यासारखे. वरचं अंग पुढे जातं आणि पाय मागे राहतात. स्वयंपाकघराचा उंबरा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवलेला, काळ्या दगडाचा, तुला माहीत आहे. त्या उंबऱ्याशी ते एक दिवस इतका वेळ उभे होते की गॅसवरचा चहा उतू गेला. मी म्हटलं, या ना आत. तर म्हणाले, “मी येतोय गं, पण हे येत नाहीयेत,” आणि पायांकडे बोट दाखवलं. त्यावर मी हसले, तेही हसले, आणि मग मी सिंककडे तोंड करून उगाच भांडी घासत राहिले.

व्यायाम शिकवायला एक ताई येते. भलती हुशार, बाबांना अजिबात भीक घालत नाही. ती म्हणाली, ठोका ऐकून चाललं की पाय सुटतात. तिने टाळ्या वाजवल्या, एकसारख्या, आणि ठकू, खरंच, बाबा त्या टाळ्यांवर उंबरा ओलांडून गेले. मला रडू की नाचू असं झालं. दुसऱ्या दिवसापासून मी टाळ्या वाजवायला लागले. दोन-तीन दिवसांत तळहात लाल झाले. मग फोनवर ते टिकटिक करणारं लावलं, तर बाबांना ते धड ऐकूच येईना. आयुष्यभर कानाशी फरश्या कापायचं कटर किंचाळलेलं, त्यामुळे वरचे बारीक आवाज त्यांच्या कानातून केव्हाच गेलेत, हे आम्हाला तेव्हा कळलं. आणि जेवढं ऐकू आलं तेवढंही आवडलं नाही. म्हणाले, “मी काय भिंतीवरचं घड्याळ आहे का? गाणं लाव काहीतरी.” तेव्हा मला तुझं चादरीतलं गाठोडं आठवलं.

तुझे स्पीकर लावले, गाणं सुरू केलं. मला छान वाटलं. बाबा मात्र पॅसेजमध्ये उभेच. म्हणाले, “गाणारा ऐकू येतोय, पण पाऊल कुठे टाकायचं ते सांगत नाहीये.” त्यांना हवा होता तो खालचा ठोका, ढोलाचा म्हण, पोटात लागतो तो. चार इंची स्पीकर तो कुठून देणार! मग मी अक्कल चालवली. आपल्या गल्लीच्या टोकाला समारंभांना साउंड भाड्याने देणारा राहतो, त्याच्याकडून एक जुना सबवूफर आणला. दोन माणसांनी उचलून आणला, यावरून काय ते समज. तो सुरू केल्याबरोबर कपाटातल्या बशा नाचायला लागल्या, खिडकीची काच थरारली, आणि खालच्या मजल्यावरचे वकीलसाहेब बनियनवर धावत वर आले. तेही एक वेळ चाललं असतं. पण बाबा एक पाऊल टाकून थांबले. म्हणाले, “हा ठोका पडतो, पण संपतच नाही. पहिल्याची शेपटी दुसऱ्याच्या तोंडात. मी पाय टाकू कधी आणि उचलू कधी?” नुसतं घुं-घुं-घुं. आणि तुझ्या बिचाऱ्या स्पीकरांचा तर पत्ताच नव्हता त्या गोंगाटात.

म्हणून मग स्पीकरच्या दुकानात गेले. तिथे एक बाई बसते, माझ्याहून थोडी लहान, गळ्यात चष्मा अडकवलेला. मी तिला स्पीकरचा फोटो दाखवला आणि घरी आणलेल्या धुडाचं वर्णन केलं. तिने कपाळाला हात लावला. “अहो ताई, सशांच्या जोडीला हत्ती बांधलात. नुसता मोठा सब घेऊन भागत नाही, तो तुमच्या स्पीकरांना शोभला पाहिजे.” मी तिला खरं कारण सांगितलं. गाणी वाजवायची हौस नाही, माणूस चालवायचाय, असं. मग तिने मला दुकानात एका खुर्चीवर बसवलं आणि वेगवेगळे सब लावून एकच ठोका ऐकवत राहिली. डोळे मिटा, म्हणाली, आणि ठोका संपतो कुठे ते ऐका, सुरू कुठे होतो ते नको. गिऱ्हाइकं आली-गेली, तिने त्यांना थांबवून ठेवलं. शेवटी आठ इंची, बंद पेटीचा, बसका असा एक निघाला. दणका कमी, पण ठोका कसा, मेजावर मूठ आपटावी तसा. पडला, संपला.

आता जोडणी ऐक, तू मला मार्क दे. कंट्रोलरची वायर आधी सबमध्ये, आणि सबमधून पुढे स्पीकरांत. म्हणजे खालचे सूर सब स्वतःकडे ठेवून घेतो आणि वरचे तेवढे पुढे पाठवतो. छोट्यांवरचं ओझंही कमी होतं, ते जास्त मोकळे वाजतात. सबच्या पाठीला एक खुंटी आहे, कुठपर्यंतचे सूर त्याने घ्यायचे ते ठरवणारी. ती मी पहिल्यांदा हौसेने वर नेली, तर गाणाऱ्याचा अर्धा आवाज जमिनीतून यायला लागला, पलंगाखाली लपून गातोय असा. मग पार खाली आणली, तर सब आणि स्पीकर यांच्या मध्ये भगदाड. ढोल आहे, गाणारा आहे, मधलं सगळं गायब. बाबा पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसले, मी मागे वाकून खुंटी फिरवत होते. त्यांचा आवाज हल्ली हळू झाला आहे, गाणं चालू असताना मला ऐकू यायचा नाही, म्हणून बरोबर वाटलं की हात वर करायचा, असं आमचं ठरलं. शिवाय एक बारीक बटण आहे, त्याला फेज म्हणतात. स्पीकर पुढे ढकलत असताना सब मागे ओढत असेल तर दोघं एकमेकांचा आवाज खातात. बटण इकडे होतं तोवर बाबांचा हात खालीच. तिकडे केलं तर हात वर. “आता एकाच घरचे वाटतायत,” म्हणाले.

तरीही कुठेतरी काहीतरी खर्रर्र वाजत होतं. मी स्क्रू पाहिले, वायरी पाहिल्या. बाबा म्हणाले, “पेटी नाही वाजत, फरशी वाजतेय.” त्यांनी माझ्याकडून पेचकस मागून घेतला, बुटक्या स्टुलावर बसले आणि त्याच्या मुठीने एकेक फरशी ठोकत गेले. टक, टक, टक, आणि मग एकदम ठप्प. “ही पोकळ बोलतेय.” मग कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “माझ्या हातची फरशी आणि पोकळ? कुणाला सांगू नकोस.” मी म्हटलं, सब दुसरीकडे सरकवू. तर नाही म्हणाले. त्यांची हत्यारांची पेटी त्यांनी आजारानंतर माळ्यावर टाकली होती, “देऊन टाक कुणाला तरी,” असं वर सांगितलं होतं. ती मीच दिली नव्हती. आता म्हणाले, “पेटी काढ.”

सांधे खरवडले मी. फरशी उचकटली मी, तीही त्यांच्या शिव्या खात. “अगं, पहार मारतेस का खिळा काढतेस?” कोपरा जरासा उडालाच. सिमेंट मी कालवलं, पातळ झालं म्हणून पुन्हा कालवलं. पण थापी त्यांनी हातात घेतली. ठकू, मी तो हात बघत होते. त्या हाताने थापी धरली आणि थरथर थांबली. बटण लावताना अडखळणारा, चमचा हळूहळू तोंडाशी नेणारा तो हात मी रोज बघते, त्याची मला सवय झाली आहे. थापी धरलेला तो हात मी कितीतरी महिन्यांनी पाहिला. वेळ लागला त्यांना. सिमेंट पसरवलं, फरशी ठेवली, रबरी हातोडीने चारी कोपरे ठोकले, कान लावून ऐकलं, एक कोपरा पुन्हा ठोकला. मग तळवा फरशीवर तसाच ठेवून बसून राहिले. मी विचारलं, उठवू का? म्हणाले, “थांब जरा. बरं वाटतंय.” दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी त्या फरशीवर मला पाय ठेवू दिला नाही.

एवढं सगळं जमलं आणि बाबा चालायला लागले. गाणं सुरू झालं की खुर्चीतून उठून पॅसेजच्या टोकापर्यंत, वळून परत. पण गाणं संपलं की जिथे असतील तिथे उभे. मध्ये ती जी एक क्षणाची शांतता येते ना, तिथे त्यांचे पाय पुन्हा गोंदात. एकदा वळता वळताच गाणं संपलं आणि ते भिंतीवर आपटले, कोपर सोललं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की तू इथे दार लावून तासन्‌तास एकाच गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला का जोडत बसायचीस. मला तेव्हा वाटायचं, यंत्र अडकलं असेल. मग मीही ते शिकायला बसले. एका कानाला तुझा हेडफोन, दुसरा कान उघडा. पहिले काही दिवस दोन गाणी अशी एकमेकांवर आदळायची की बाबा म्हणायचे, “मला दोनच पाय आहेत, चार नाहीत.” मग कळलं की दोन्हींची लय आधी एक करायची, आणि येणाऱ्या गाण्याचा खालचा आवाज पूर्ण मिटवून ते आत घ्यायचं. जाणाऱ्याचा खालचा आवाज काढून घ्यायचा आणि त्याच ठोक्यावर येणाऱ्याचा उघडायचा. दोघांचा एकदम राहिला की सब गुरगुरतो. तुला हे सगळं बाळबोध वाटेल. मला नाही वाटलं. ज्या दिवशी पहिल्यांदा बरोबर जुळलं त्या दिवशी बाबा टोकाला जाऊन वळले, परत माझ्यापर्यंत आले आणि म्हणाले, “गाणं बदललं का गं?” तू हॉलभर माणसं नाचवतेस. माझ्या हॉलमध्ये एकच माणूस असतो, तोही सावकाश चालणारा. पण तुझ्या जागी उभं राहिल्यावर काय वाटत असेल, ते मला त्या दिवशी थोडंफार कळलं.

वकीलसाहेबांचं म्हणशील तर ते काही विरघळले वगैरे नाहीत. मी खाली जाऊन सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, वाईट वाटतं म्हणाले, आणि पुढे म्हणाले की त्यांच्या बायकोचं डोकं दुखतं ते दुखतंच. खोटं नाही ते. मग दुकानातल्या बाईने सबखाली ठेवायला जाड फोमची गादी दिली, आवाज मी आणखी उतरवला, आणि सकाळची एक वेळ आम्ही ठरवून घेतली. त्या वेळेला ते दोघं बाहेर फिरायला जातात. जिन्यात भेटले की ते मान हलवतात, मीही हलवते. याहून जास्त अपेक्षा नाही. आणि हे सगळं जादू आहे असंही समजू नकोस. काही दिवस गोळीचा असर उतरलेला असतो, तेव्हा कितीही चांगला ठोका दिला तरी पाय उचलत नाहीत. अशा दिवशी मी गाणं बंद करते, त्यांच्या शेजारी बसते आणि आम्ही पेपरातलं शब्दकोडं सोडवतो. उत्तरं ते सांगतात, अक्षरं मी भरते.

आता हे पत्र का लिहिलं ते. मागच्या वेळी तू व्हिडिओ कॉल केलास, तुझी सुट्टी मंजूर झाल्याचं सांगितलंस, आणि नंतर मला एकटीला मेसेज पाठवलास, “आई, बाबा माझ्यावर रागावलेत का? मी येते म्हटलं तरी त्यांचा चेहरा हललासुद्धा नाही.” मी त्याला उत्तर दिलं नाही. दोन ओळींत देण्यासारखं नव्हतं, आणि तुला खोटं सांगायचं नव्हतं. ठकू, या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडतात. हसू आतून येतं, ओठांपर्यंत पोचत नाही. तू कॉल ठेवलास आणि बाबांनी मला तुझ्या येण्याची तारीख तीनदा विचारली, आणि दुसऱ्या दिवसापासून ते पॅसेजच्या टोकाला न वळता हॉलमधून थेट बाहेरच्या दारापर्यंत यायला लागलेत. कडी काढून बघतात, लावून बघतात. मला काही बोलले नाहीत, पण दार त्यांना स्वतः उघडायचंय. तेव्हा तू येशील त्या दिवशी बेल एकदाच वाजव. तुझ्याकडची किल्ली लावू नकोस. आतून गाणं सुरू झालेलं ऐकू येईल, ते मी लावलेलं असेल. मग वेळ लागेल, बराच लागेल, दाराशी येऊनही ते थोडे अडकतील. हाक मारू नकोस, घाई करू नकोस, सामान खाली ठेवून उभी राहा. आणि दार उघडल्यावर समोर जो चेहरा दिसेल तो तुला दगडासारखा वाटेल. त्याला फसू नकोस. बाबा तेव्हा हसत असतील, मी इतक्या वर्षांत त्यांना हसताना पाहिलंय त्या सगळ्याहून जास्त.

दाराच्या आतल्या बाजूला,
तुझीच,
आई